पोरीला घरी सगळं येतं, पेपरात हात थांबतो. दहावीच्या घरांनी काय केलं ते सांगा

वावरातली · १४ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. शेती बरीचशी कोरडवाहू, थोडं ओलीत. मुलगी यंदा दहावीला, धाकटा सातवीत.

मुलगी हुशार आहे असं तिचे सर म्हणतात. घरी विचारलं तर उत्तर तोंडावर असतं. पण नोव्हेंबरातल्या सराव चाचणीत बीजगणितात ४० पैकी १३. पेपर घरी आणला तो मी पाहिला. एक वर्गसमीकरण अर्धं सोडवून खोडलेलं, त्याखाली तेच पुन्हा मांडून पुन्हा खोडलेलं. मागची पानं कोरी. विचारलं तर म्हणते, "आई, मले येत होतं. बाजूच्या पोरीनं पुरवणी मागितली अन् माझं डोकंच बंद झालं."

आता घराचं सांगते. खोल्या दोन. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस, भाव चढेल म्हणून ठेवलेला. त्याच्या कडेला तिची बाज आणि पुस्तकं. मागच्या खोलीत चूल, टीव्ही, सासूबाई आणि बाकी आम्ही सगळे. शेताची थ्री-फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हे गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जातात. रानडुकरांमुळे एकट्याला पाठवत नाही, मग कधी मीही जाते. पोरगी धाकट्याला आणि आजीला धरून घरी. मग तुरीची सोंगणी येईल. जानेवारीत गावात सप्ताह, माघात प्रकट दिन, आणि लगेच परीक्षा.

जो भेटतो तो तिला सांगतो, टेन्शन घेऊ नको. ते ऐकून ती जास्तच घेते. मला उपदेश नको. तुमच्या घरात प्रत्यक्ष काय केलं, ते लिहा.

ढेकूळ · १४ डिसेंबर, रात्री १०:२२

ताई, पयलं काम सांगतो. घरी येणाऱ्या पाहुण्याले "किती टक्के पडतीन?" हे विचारू देऊ नका. चहा पाजा, पान द्या, पण हा प्रश्न तोंडातून निघाला की बैलाचा विषय काढा. आमच्या घरी मागच्या साली साळा आला तो दर खेपेले पोट्ट्याले टक्के विचारे. शेवटी पोट्टा त्याची गाडी दिसली की कोठ्यात जाऊन बसे.

दुसरं, पहाटे पाचले उठवू नका. रात्री अकराले झोपलेलं पोट्टं पाचले उठते अन् पुस्तकावर डुलक्या घेते. बाप समजते अभ्यास चालू हाय.

अन् विज्ञान भाग २ मधी "सामाजिक आरोग्य" नावाचा धडा हाय, ताणतणाव, हास्यक्लब गिन सगळं त्यात हाय. आमचं पोट्टं तोच धडा पाठ करू करू टेन्शनमधी आलं होतं. :)

पळसफूल · १४ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, मी २०२३ च्या बॅचची. गाव आर्णीकडे, आता अमरावतीला शिकते. तुमच्या मुलीचं वाचून आमच्या वर्गातली एक मैत्रीण आठवली. तीही अशीच, घरी फडफड बोलायची आणि पेपरात थंड.

आमच्या वर्षापासून एक बदल झाला तो तिला आत्ताच सांगून ठेवा. आधी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं अगोदर वाचायला मिळायची. ते बंद झालं आणि तीच दहा मिनिटं शेवटी जोडली. म्हणजे ठोका पडला की पेपर हातात आणि लगेच लिहायला सुरुवात. मोठ्या भावंडांनी "पहिली दहा मिनिटं नुसतं वाच" असं सांगितलेलं असतं, तिनं तेच डोक्यात धरलं असेल तर तिथंच गोंधळ होतो. सरळ सांगा, पेपर चाळायला दोन-तीन मिनिटं आपल्याच वेळातून काढायची आणि ती वाया जात नाहीत.

मैत्रिणीला काय उपयोगी पडलं, तर घराबाहेर पेपर सोडवणं. मंदिराच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, माणसं येत-जात असताना. तिला शांततेतच लिहायची सवय होती आणि परीक्षेचा हॉल शांत कधीच नसतो. कोणी खोकतं, बाक करकरतो, पर्यवेक्षक सह्या घेत फिरतात.

निवृत्त_गुरुजी · १५ डिसेंबर, सकाळी ७:१०

ताई, मी जिल्हा परिषदेच्या आणि नंतर एका संस्थेच्या शाळेत गणित शिकवलं. तुम्ही खोडलेल्या वर्गसमीकरणाबद्दल लिहिलं म्हणून बरं झालं, नाहीतर नुसत्या "टेन्शन"वर काय बोलणार?

आधी पेपराचा आराखडा पाहू. बीजगणित ४० गुणांचं, दोन तासांचं. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि बाकी एकेका गुणाची उदाहरणं. दुसरा १२ गुणांचा, त्यात चौकटी भरायच्या कृती ४ गुणांच्या आणि उरलेली दोन-दोन गुणांची उदाहरणं. तिसरा ९, चौथा ८, पाचवा ३. आता बेरीज करा. पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मा पेपर होतो आणि त्यात दोन गुणांपेक्षा मोठं उदाहरण एकही नाही. शिवाय पर्याय असतात. ज्या मुलीला घरी उत्तरं येतात, तिचे १३ गुण ज्ञानाअभावी आलेले नाहीत. ती एका उदाहरणापाशी थांबली आणि पुढचे सोपे गुण तिनं पाहिलेच नाहीत.

म्हणून तिला एकच नियम द्या. हात अडला की त्या उदाहरणाच्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीचं टिंब द्यायचं, उत्तरपत्रिकेत चार ओळी जागा सोडायची आणि पुढे जायचं. खोडायचं नाही. खोडण्यात वेळ तर जातोच, वर आपण चुकलो हे डोक्यात पक्कं होतं. उदाहरणं कोणत्याही क्रमानं सोडवली तरी चालतात, क्रमांक तेवढा स्पष्ट हवा. आणि पायऱ्यांना गुण असतात. समीकरण नीट मांडून अर्धवट सोडलं तरी काही हाती लागतं, खोडलेल्याला शून्य.

दुसरी गोष्ट तिच्या "येतं"ची. ती तुम्हाला तोंडी सांगते तेव्हा पुस्तक नुकतंच मिटलेलं असतं. त्या वेळी सगळ्यांनाच येतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. माझ्या वर्गात मी हे रोज पाहिलं. रंगीत पेनांनी पुस्तक भरवणारी मुलं "सर, दोनदा झालं वाचून" म्हणायची आणि फळ्यापाशी बोलावलं की खडू हातातच राहायचा.

तेव्हा अभ्यास म्हणजे कोरा कागद, असं तिला सांगा. धडा वाचला की पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायचं. आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक आणून लाल पेनानं राहिलेलं भरायचं. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर, मग आठवड्यानं. कागद वाया जातो म्हणून आजी ओरडतील, तर जुन्या वह्यांची पाठकोरी पानं वापरा.

ढेकूळ · १५ डिसेंबर, सकाळी ८:०२

गुरुजी, पाठकोरी पानं सोडा, आमच्याकडे कृषी केंद्रवाला दरसाली जे पॅम्प्लेट देते त्याच्या मागं पोट्ट्याचा सारा इतिहास लिहून झाला. समोर बोंडअळी, मागं फ्रेंच राज्यक्रांती.

खामगावी_पाहुणा · १५ डिसेंबर, दुपारी १:३०

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. दोन महिन्यांसाठी मुलीला अमरावती किंवा यवतमाळला ठेवा. क्रॅश कोर्स असतात, टेस्ट सिरीज असते, अभ्यासिका असतात. गावात, कापसाच्या ढिगाशेजारी बसून नव्वदच्या वर जाता येत नाही. स्पर्धा कुठे चालली आहे ते पाहा.

वावरातली · १५ डिसेंबर, रात्री ८:१५

पाहुणेभाऊ, राग नाही. पण कापूस अजून घरात आहे म्हणजे पैसाही अजून घरात आलेला नाही. आणि पोरगी कधी घर सोडून राहिलेली नाही. नव्वद कोणी मागितलेही नाहीत. तिला जे येतं ते कागदावर उतरावं एवढंच म्हणणं आहे.

गुरुजी, तुमचं तिला वाचून दाखवलं. "पायऱ्यांना गुण असतात" हे तिला माहीत होतं, पण खोडलं की ते गुणही जातात हे ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, सरांना विचार की सोडलेल्या जागेत काहीच लिहिलं नाही तर गुण कापतात का?

निवृत्त_गुरुजी · १५ डिसेंबर, रात्री ९:००

नाही कापत. कोरी जागा कोरी राहिली तर राहू द्या. पानावर शाईनं एक तिरकी रेघ मारली तर उत्तम.

पाहुणेभाऊ, डिसेंबरात गाव, शाळा, शिक्षक, जेवण आणि झोपायची जागा सगळंच एकदम बदललेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून पाहिलेलं आहे. आठवीपासून शहरात असेल तर गोष्ट वेगळी.

सिस्टरताई · १६ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

मी सरकारी आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे नर्स आहे. शाळेत गेलं की दहावीच्या मुली दोनच तक्रारी सांगतात, डोकं दुखतं आणि गळून गेल्यासारखं वाटतं. मी आधी झोपेचं आणि जेवणाचं विचारते.

या वयाला आठ तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो, म्हणून झोप तोडून केलेला अभ्यास दोन्हीकडून जातो. ढेकूळभाऊंचं पाचवालं बरोबर आहे. पहाटे उठायचंच असेल तर रात्री नऊला आडवं व्हायला हवं. घरी ओलिताची ये-जा चालते तिथं ते जमत नाही, मग सहाला उठलं तर काय बिघडतं?

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती बऱ्याच मुली दप्तरात टाकतात, कारण कोणीतरी मळमळतं म्हणून सांगितलेलं असतं. जेवण झाल्यावर घ्यायची म्हणजे मळमळत नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे नेमकं उलट चालतं, भाकर संपायच्या आत कपबशी पुढे.

पाळी परीक्षेत येईल ही धास्ती मुली बोलून दाखवत नाहीत. आईनं आपणहून विषय काढावा. पॅड दप्तरात, दुखण्यावर कोणती गोळी चालते ते आधी विचारून ठेवलेलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका.

डोकं बंद झालं तर काय करायचं, तेही सांगते. पेन खाली ठेवायचा, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच-सहा वेळा. बाहेर सोडायला जास्त वेळ लावला की छातीची धडधड उतरते. पण हे पहिल्यांदा परीक्षेत करून उपयोग नाही, घरी रोज पेपर सोडवताना करावं लागतं.

आणि मुलगी जेवण सोडायला लागली, रात्र-रात्र जागी राहिली, किंवा "माझ्यानं काहीच होत नाही, मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर ते परीक्षेचं नाटक समजू नका. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, दिवस-रात्र लागतो. आमच्याकडे उपकेंद्रात आणलं तरी चालेल.

वावरातली · १६ डिसेंबर, रात्री ९:३०

सिस्टर, तसं काही नाही, जेवते-झोपते. गोळ्या दप्तरात सापडल्या मात्र. :(

मुक्काम_पोस्ट · १८ डिसेंबर, दुपारी ४:१२

काहाले एवढं डोकं लावता. आमच्या भागातल्या केंद्रावर सगळं चालते. खिडकीतून येते सगळं.

निवृत्त_गुरुजी · १८ डिसेंबर, रात्री ८:४५

खिडकीची वाट पाहणारं पोर तीन तास खिडकीकडेच पाहतं. हॉलमधला सगळ्यात घाबरलेला चेहरा त्याचा असतो. भरारी पथक आलं की त्याला कागद गिळायची पाळी येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सापडला तर त्याचा निकाल जातो, आणि पुरवणाऱ्यासाठी १९८२ पासून वेगळा कायदा आहे. या धाग्यावर तो विषय नको.

झाडीपट्टीवाला · २० डिसेंबर, रात्री १०:१८

उशिरा वाचलं. मी ब्रह्मपुरीकडचा. तुमच्याकडे सप्ताह, आमच्याकडे नाटक. दिवाळीच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, आमची झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती मार्चपर्यंत. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. नाटक आमचा जीव आहे, बंद करा असं कोणीच म्हणणार नाही. पण दहावीचं पोर गावात असलं की अवघड.

आम्ही दोन वर्षांपूर्वी एक केलं. गावात दहावी-बारावीची किती मुलं आहेत त्यांची यादी काढली आणि कोणाचं घर कुठं ते मंडळाला दाखवलं. बंद करा असं म्हटलंच नाही. भोंगा मंदिराच्या कळसावरून शाळेकडे तोंड करून होता, तो वावराकडे फिरवला, आणि चारपैकी दोन उतरवले. मंडपातल्या माणसाला तेवढंच ऐकू येतं, घरातल्याला निम्मं. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायचा नाही असा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. पण तो कागद आम्ही खिशातच ठेवला, काढावा लागला नाही.

भाविक_वऱ्हाडी · २१ डिसेंबर, सकाळी ९:२०

देवाच्या कामाले नावं ठेवायची फॅशन झाली आहे. आम्हीबी भजन ऐकतच शिकलो. तवा कोणाले टेन्शन नव्हतं.

झाडीपट्टीवाला · २१ डिसेंबर, सकाळी ९:५५

दादा, नावं कोण ठेवतं? आमच्या भोंगा फिरवण्याच्या बैठकीत सगळ्यात पुढे आमचे कीर्तनकार महाराजच होते. त्यांची नात बारावीला होती. :)

पळसफूल · २१ डिसेंबर, रात्री १०:४०

नियमाची आणि भजनाची चर्चा लांबायच्या आधी भूगोलाचं एक सांगते. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. मुली तो विषय शेवटी ठेवतात आणि दोन्ही देशांची खिचडी होते. हा विषय घरातल्या माणसांशी बोलत करता येतो. माझ्या बाबांचं शिक्षण सातवीपर्यंतच. मी त्यांना सांगायची की तिकडे कॉफीचे मोठमोठे मळे आहेत, सोयाबीनही पिकतं. ते विचारायचे, पाऊस कधी येतो तिकडे? ऊन कधी? आपल्यासारखा जूनमध्ये का नाही? ते सांगता सांगता दक्षिण गोलार्ध कायमचा डोक्यात बसला. सातवी शिकलेल्या माणसाला समजेपर्यंत सांगता आलं म्हणजे तो धडा झाला.

वावरातली · ११ जानेवारी, रात्री ९:१५

मंडळी, शाळेची पूर्व परीक्षा झाली, म्हणून कळवते.

घरात थोडं हलवाहलव केली. कापसाला भाव चढलाच नाही, अर्धा सीसीआयच्या सरकारी खरेदीला नेला. खोलीत एक भिंत मोकळी झाली. त्या भिंतीशी बाज आडवी टाकली, वर फळी ठेवली, चार्जिंगचा दिवा खिळ्याला टांगला. पोरगी म्हणते, आता अंगाला खाजही सुटत नाही. मला कापसानं खाज सुटते हेच ठाऊक नव्हतं, ती तक्रार करत नव्हती.

रात्रीच्या ओलिताच्या आठवड्यात मी घरी राहते. यांच्यासोबत शेजारचा पुतण्या जातो, त्याच्या आठवड्यात हे त्याच्यासोबत. एवढं साधं आधी सुचलं नव्हतं, कारण कोणी मांडलं नव्हतं. ती जागी असते तोवर टीव्ही बंद. सासूबाई पहिले दोन दिवस रुसल्या, मग मालिका दुपारी पुन्हा लागते हे त्यांना कळलं.

कोरा कागद सुरू आहे. पहिल्या आठवड्यात रडली. "हा धडा मले येत होता, आता तर काहीच नाही येत," म्हणाली. गुरुजींचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा शांत झाली. दर रविवारी देवळाच्या ओट्यावर घड्याळ लावून एक पेपर. तिथं म्हातारे पत्ते खेळतात, मधूनच कोणीतरी "किती झालं गं बाई?" विचारतं. पळसफूल, तुझ्या म्हणण्याप्रमाणे तेच हवं होतं.

पूर्व परीक्षेत बीजगणितात २२ आले. भूमितीत १९, तिथं प्रमेयं लिहायला वेळ पुरला नाही. पण एकही पान खोडलेलं नाही. तीन उदाहरणांना टिंब होतं, त्यातली दोन शेवटी सुटली.

ढेकूळ · ११ जानेवारी, रात्री ९:४०

वा ताई! पाहुण्याइले सांगा आता, इचारा म्हणा टक्के.

निवृत्त_गुरुजी · १२ जानेवारी, सकाळी ६:५०

उत्तम. आता भूमितीचं पाहू. प्रमेयं पाठ करून लिहायला गेली की एक ओळ विसरली तर सगळं अडतं. आधी आकृती काढायची, पक्ष आणि साध्य लिहायचं, मगच सिद्धता. आकृतीकडे पाहून पुढची ओळ सुचते. भौमितिक रचनेचे गुण हक्काचे आहेत, ती रोज एक काढायची. कंपासपेटीचा स्क्रू सैल असेल तर आत्ताच बदला, परीक्षेत कंस सरकला की मुलांचे डोळे भरून येतात.

नवीन धडा आता उघडू नये. फेब्रुवारीत फक्त जुने पेपर आणि तिचे लाल पेनाचे कागद. ते कागद टाकले नसतील तर उत्तम, उजळणी त्यांचीच करायची. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचत बसायला वेळ उरत नाही.

सिस्टरताई · १२ जानेवारी, दुपारी २:०५

परीक्षेच्या दिवसांचं माझ्याकडून. ऊन तापलेलं असतं आणि बऱ्याच शाळांना टीन असतं. पाण्याची बाटली घरून भरून न्यायची. सकाळी वरण-भात किंवा भाजी-भाकर, नेहमीचं. त्या दिवसांत महाशिवरात्र आली तर तिला उपास नको, आजीनं तिच्या वाटचा करावा. साबुदाण्यावर तीन तासांचा पेपर जड जातो. भर दुपारी घरी आल्यावर थंड पाणी घटाघटा नको, उलसं टेकून मग पन्हं.

वावरातली · १२ जानेवारी, रात्री ८:३०

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, दोन उपास करीन.

केंद्र शेजारच्या मोठ्या गावात आलं आहे. मुलींची एसटी सकाळी शाळेच्या वेळेला जाते. ती चुकली तर काय, ही तिची आताची काळजी. हे म्हणतात, गाडीनं सोडून देऊ. ती म्हणते, तुमची गाडी बंद पडते.

पळसफूल · १२ जानेवारी, रात्री ९:१०

ताई, पेपर अकराला असला तरी हॉलमध्ये साडेदहाला बसवतात. म्हणजे केंद्रावर दहापर्यंत हवं. सुट्टीच्या दिवशी तिला एकदा त्या शाळेत नेऊन आणा. फाटक कुठलं, नळ कुठं, संडास कुठं, हे पाहून आलं की निम्मी धाकधूक तिथंच जाते. त्या गावातून जाणारी वर्गातली अजून मुलं असतील, त्यांच्या घरच्यांशी आत्ताच बोलून एक ऑटो सांगून ठेवा, एसटी आली तर तो परत पाठवायचा.

आणि बारकोडचं स्टिकर. पहिल्या पेपरला ते चिकटवताना हात थरथरतात आणि वाकडं लागलं म्हणून मुली घाबरतात. वाकडं लागलं तरी चालतं, पर्यवेक्षक सांगतात कुठं लावायचं. आसनक्रमांक अंकी आणि अक्षरी लिहायचा घरीच दहादा सराव करून घ्या.

निवृत्त_गुरुजी · १३ जानेवारी, सकाळी ७:००

पळसफूलनं लिहिलं ते सगळं करा. एक तिच्या वडिलांसाठी लिहितो, तिच्यापुढे वाचू नका. समजा गणित राहिलंच, तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, वर्ष जात नाही. आणि टक्के पाच सर्वोत्तम विषयांचे धरतात, एका विषयात कमी पडलं म्हणून सगळं बुडत नाही. तिला हे आत्ता सांगायची गरज नाही. पण घरच्या कर्त्या माणसाला हे पक्कं माहीत असलं की पेपरच्या दिवशी त्याचा चेहरा वेगळा असतो, आणि मुलं फाटकाबाहेर आली की आधी बापाच्या चेहऱ्याकडेच पाहतात. "कसा गेला?" विचारायचं नाही. "जेवली का?" विचारायचं.

ढेकूळ · १३ जानेवारी, सकाळी ७:३५

गुरुजी, आमचा बाप तं "आलास का" एवढंच म्हणे, तेबी बैलाकडे पाहून. आता समजलं, लय पुढचा माणूस होता.

वावरातली · १३ जानेवारी, रात्री ९:००

यांनी स्वतःच वाचलं. काही बोलले नाहीत, गाडीचा प्लग बदलून आणला.

जाता जाता विचारते. धाकटा सातवीत आहे, पुढल्या वर्षी आठवी. त्या परीक्षेबद्दल ऐकलं आहे, शिष्यवृत्ती मिळते ती. आत्तापासून काही करायचं असतं का?

निवृत्त_गुरुजी · १४ जानेवारी, सकाळी ६:४५

एनएमएमएस म्हणत असाल. त्यासाठी नवा धागा काढा, इथं मिसळू नका. पण तो फेब्रुवारी-मार्च उलटल्यावर. आत्ता घरात परीक्षार्थी एकच राहू द्या.

आणि सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा.